निश ब्लॉगिंग आणि शोधातून येणारा वाचक : पार्श्वभूमी

एकच लहान विषय धरून लिहीत राहायचे आणि वाचक सर्चमधून येऊ द्यायचा, ही निश ब्लॉगिंगची पद्धत घडवली ती सर्च इंजिनांनी. डिसेंबर १९९५मध्ये आलेले अल्टाव्हिस्टा आणि त्या काळातली इतर इंजिने मुख्यतः पानावरचा मजकूर पाहूनच क्रम लावत. साहजिकच मेटा कीवर्डमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) शब्दांची रास ओतली जाई, पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच तो शब्द लपवला जाई. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँकने मोजमापच बदलले. दुसऱ्या साइटची लिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणारे पान जितके वजनदार तितकी तिची किंमत जास्त. १९९८मध्ये गूगल कंपनी उभी राहिली ती याच कल्पनेवर.

निश ब्लॉगचे अर्थकारण मात्र २००३ सालचे. फेब्रुवारीत गूगलने ब्लॉगर ही ब्लॉग लिहिण्याची सेवा विकत घेतली, मे महिन्यात ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर वर्डप्रेस आले आणि जूनमध्ये गूगलची जाहिरात सेवा ॲडसेन्स. आता जाहिरातदार शोधत फिरण्याची गरज उरली नाही. कोडचा तुकडा चिकटवला की मजकुराशी जुळणारी जाहिरात आपोआप दिसे. अरुंद विषय परवडू लागला तो इथून. ‘कॅमेरा’ या शब्दासाठी मोठ्या साइटशी झुंजणे व्यर्थ. पण एका विशिष्ट मॉडेलची बॅटरी थंडीत लवकर का उतरते, हे शोधणारे थोडे असले तरी त्यांची गरज नेमकी असते आणि स्पर्धाही कमी. यालाच लाँग टेल कीवर्ड म्हणतात.

लिंकला किंमत आली तशी तिची बाजारपेठही उभी राहिली. कॉमेंटमधल्या स्पॅम लिंकांवर जानेवारी २००५मध्ये नोफॉलो हा उपाय आला, म्हणजे ‘ही लिंक शिफारस म्हणून मोजू नका’ असे सर्च इंजिनाला सांगणारी खूण. फेब्रुवारी २०११च्या पांडा अपडेटने, म्हणजे गूगलच्या क्रम लावण्याच्या पद्धतीतल्या बदलाने, उथळ मजकुराचे कारखाने खाली ढकलले. त्याचा खरा धडा असा, की शेकडो पातळ पाने त्याच साइटवरच्या चांगल्या पानांनाही खाली ओढतात. एप्रिल २०१२मध्ये पेंग्विन या पुढच्या अपडेटने कृत्रिम लिंका पकडल्या. त्या ओळखू येत त्या बऱ्याचदा अँकर टेक्स्टवरून, म्हणजे लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते त्यांवरून. स्वाभाविक लिंकांत कुठे साइटचे नाव असते, कुठे नुसता पत्ता, कुठे ‘इथे पाहा’. विकतच्या लिंकांत मात्र सगळीकडे तोच कीवर्ड.

ऑक्टोबर २०११पासून गूगलने लॉगइन केलेल्यांचे शोध एन्क्रिप्ट केले आणि वाचक कोणता शब्द टाइप करून आला हे ॲनालिटिक्स या साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या साधनातून दिसेनासे होत गेले. म्हणून आज सर्च कन्सोल (आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन) हाच मुख्य आधार. त्यात गेल्या तीन महिन्यांच्या क्वेरी (लोकांनी शोधलेले शब्द) काढाव्यात आणि साधारण आठव्या ते विसाव्या स्थानावर असलेल्या, इंप्रेशन (निकालांत दिसण्याची संख्या) भरपूर पण क्लिक कमी अशा निवडाव्यात. नवा लेख लिहिण्याआधी त्या क्वेरींवर दिसणारी आपली पाने सुधारणे जवळजवळ नेहमीच जास्त फायद्याचे. शीर्षक प्रश्नाशी जुळवावे, उत्तर पहिल्या परिच्छेदात आणावे आणि आपल्याच संबंधित लेखांतून त्या पानाला लिंक द्यावी. एकाच क्वेरीवर आपली दोन पाने आलटून पालटून दिसत असतील, तर मजकूर एकत्र करून दुबळ्या पानावरून चांगल्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा वळवणे) करावा. तो होमपेजकडे वळवला, तर गूगल त्याला बहुधा सॉफ्ट ४०४, म्हणजे ‘पान अस्तित्वात नाही’ असेच, मानते आणि जुन्या लिंकांचे बळ वाया जाते.

प्रश्नाचा अर्थ समजून घेणारे गूगलचे दोन बदल, २०१३चे हमिंगबर्ड आणि २०१९चे बर्ट, यांच्यामुळे शब्दांपेक्षा आशय महत्त्वाचा ठरला. एकाच प्रश्नाच्या पाच शब्दरूपांसाठी पाच पाने लिहिण्यात अर्थ उरला नाही. ऑगस्ट २०२२मध्ये वाचकाऐवजी सर्चसाठी लिहिलेला मजकूर खाली ढकलणारे हेल्पफुल कंटेंट अपडेट आले, मार्च २०२४मध्ये ते गूगलच्या क्रम लावण्याच्या मुख्य प्रणालीत मिसळले गेले. या काळात मन लावून चालवलेल्या काही छोट्या साइटनाही मोठा फटका बसला, आणि ही गोष्ट खरोखर क्लेशाची आहे. मे २०२४मध्ये अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर एआयने लिहिलेले थेट उत्तर, सर्वांसाठी सुरू झाले. एका वाक्यात संपणाऱ्या व्याख्या आणि तारखांसाठी पान उघडण्याचे कारणच त्यामुळे कमी झाले. विषय निवडतानाच आता ही चाळणी लावावी लागते: उत्तरासाठी मोजमाप, स्वतः काढलेले फोटो, बिघाडाचा क्रम किंवा दोन वस्तू प्रत्यक्ष वापरून केलेली तुलना लागत असेल, तरच त्यावर स्वतंत्र पान लिहावे.