पार्श्वभूमी : रावेन्नाच्या सोनेरी भिंती कुणी मढवल्या, कुणी खोडल्या

बोलोन्याहून लोकल गाडीने सव्वा तासाच्या आसपास रावेन्ना येते. व्हेनिस आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये एखादा दिवस मोकळा सापडला की प्रवासी इथे येतात, चार-पाच चर्च बघतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. बाहेरून बघावे तर नुसत्या विटांच्या इमारती, लक्ष वेधून घेईल असे काही नाही. आत शिरल्यावर मात्र कमानी, घुमट, भिंती सगळे सोनेरी आणि निळ्या काचेच्या तुकड्यांनी मढवलेले दिसते. युनेस्कोने १९९६ मध्ये इथल्या आठ वास्तू एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या. त्या जवळजवळ सगळ्या पाचव्या आणि सहाव्या शतकांतल्या आहेत. त्याआधी हे आरमारी तळाचे गाव होते आणि त्यानंतर आडबाजूचे. मधल्या दीडशे वर्षांत इथे तीन राजवटी येऊन गेल्या, आणि प्रत्येकीने आपला हक्क भिंतींवर मांडून ठेवला. काचेचे तुकडे जडवून केलेल्या या चित्रांना मोझेक म्हणतात. ‘बायझंटाइन मोझेकचे शहर’ असे सरसकट म्हटले जाते खरे, पण यातले बरेचसे काम बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पूर्व रोमन साम्राज्याची, फौज गावात येण्यापूर्वीचे आहे.

सुरुवात झाली ती भीतीपोटी. पश्चिम रोमन साम्राज्याचा दरबार मिलानमध्ये असताना आलारिकच्या व्हिसिगॉथ टोळ्या इटलीत उतरल्या. ४०२ मध्ये सम्राट होनोरियसने मुक्काम रावेन्नाला हलवला. गावाभोवती दलदल, खाजणे आणि पो नदीचे फाटे होते, त्यामुळे मोठी फौज चालून येणे अवघड. शेजारी क्लासिस हे बंदर होते. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासच तिथे आरमार ठेवले होते. वेढा पडला तरी समुद्रातून धान्य येणार, आणि अगदीच गळ्याशी आले तर कॉन्स्टँटिनोपलकडे निघून जाता येणार. हिशेब बरोबर ठरला. ४१० मध्ये आलारिकने रोम लुटले, पण रावेन्नातल्या सम्राटाच्या केसालाही धक्का लागला नाही.

रोमच्या त्या लुटीत होनोरियसची सावत्र बहीण गाला प्लाचिदिया गॉथांच्या हाती लागली. पुढे तिने आलारिकच्या वारसाशी, आताउल्फशी लग्न केले. तो मारला गेल्यावर तिला परत पाठवण्यात आले, एका रोमन सेनापतीशी तिचे दुसरे लग्न झाले आणि सम्राट झालेला मुलगा व्हॅलेंटिनियन लहान असल्याने ४२५ पासून बारा वर्षे पश्चिम साम्राज्याचा कारभार तिनेच पाहिला. तिच्या नावाने ओळखली जाणारी समाधी सान विताले चर्चच्या आवारात आहे. ती ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा तिथेच पुरली गेली, त्यामुळे ही तिची समाधी असण्याची शक्यता कमीच. वास्तू अगदी छोटी, क्रुसाच्या आकाराची. छत गडद निळे आणि त्यावर सोनेरी चांदण्यांची वर्तुळे. एका कमानीखाली संत लॉरेन्स खांद्यावर क्रूस घेऊन पेटलेल्या जाळीकडे निघालेला दिसतो, आणि शेजारच्या उघड्या कपाटात चार शुभवर्तमानांची चार पुस्तके नावांसकट ठेवलेली आहेत. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शतकानुशतके जमीन खचत गेल्याने आतली फरशी सुमारे दीड मीटर वर घ्यावी लागली आहे. बांधणाऱ्यांनी योजले होते त्यापेक्षा छत आपल्या डोक्याच्या बरेच जवळ आले आहे. ती जवळीक सगळ्यांना भावते, पण तिचे श्रेय पाण्याला द्यायला हवे.

४७६ मध्ये ओडोआसर या जर्मानिक सेनानीने शेवटचा पश्चिम रोमन सम्राट रोम्युलस ऑगस्ट्युलस याला रावेन्नातच पदच्युत केले. त्याच्यावर चालून आला ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक. तीन वर्षांच्या वेढ्यानंतर ४९३ मध्ये तह झाला, दोघांनी मिळून राज्य करायचे ठरले, आणि थोड्याच दिवसांत मेजवानीला बोलावून थिओडोरिकने ओडोआसरला स्वतःच्या हाताने ठार केले. यानंतर ५२६ पर्यंत त्याने इटलीवर राज्य केले, आणि ते बऱ्यापैकी नीट केले. त्याचे बालपण कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात ओलीस म्हणून गेले होते, त्यामुळे राजाने कसे दिसावे आणि काय बांधावे हे त्याला पक्के ठाऊक होते.

अडचण होती धर्माची. गॉथ लोक ख्रिस्ती होते, पण एरियन पंथाचे. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही असे मानणारा हा पंथ ३२५ च्या निकाया परिषदेने पाखंड ठरवला होता. गावातले रोमन लोक कॅथलिक. थिओडोरिकने कुणाची चर्च बळकावली नाहीत, आपल्या लोकांसाठी वेगळी बांधली. म्हणून रावेन्नात पाचव्या-सहाव्या शतकांतली दोन बाप्तिस्मागृहे आहेत, एक कॅथलिकांचे आणि एक एरियनांचे. दोन्हींच्या घुमटात विषय एकच, जॉर्डन नदीत उभ्या असलेल्या ख्रिस्ताचा बाप्तिस्मा आणि भोवती बारा प्रेषितांची फेरी. कॅथलिकांकडे जॉर्डन नदी अर्धी पाण्यात बुडालेल्या म्हाताऱ्याच्या रूपात आहे. एरियनांकडचा म्हातारा ऐटीत बसलेला आहे आणि त्याच्या डोक्यावर खेकड्याच्या लाल नांग्या आहेत. या दोन चित्रांत पंथभेद शोधण्याची अनेकांना हौस असते. मला तरी तो दिसत नाही. भांडण धर्मपंडितांचे होते, काचेचे तुकडे लावणारे कारागीर एकाच घडणीचे.

थिओडोरिकचे राजवाड्याचे चर्च म्हणजे आजचे सान्त आपोल्लिनारे नुओवो. रावेन्नात वेळ कमी असेल तर बाकी काही धावत बघा, पण इथे थांबा. लांबलचक सभागृहाच्या दोन्ही भिंतींवर मोझेकचे तीन पट्टे आहेत. सगळ्यात वरच्या पट्ट्यात ख्रिस्ताच्या आयुष्यातले २६ प्रसंग, मधल्या पट्ट्यात संदेष्टे, आणि खाली चालत निघालेल्या माणसांच्या रांगा: एका बाजूला २२ कुमारिका, समोर २६ हुतात्मे. वरचे दोन पट्टे थिओडोरिकच्या काळातले. खालच्या रांगा मात्र नंतरच्या आहेत.

आता हुतात्म्यांच्या रांगेच्या दाराकडच्या टोकाला बघा. तिथे राजवाडा आहे, वर ‘पालाटियुम’ अशी लॅटिन अक्षरे आहेत. खांबांच्या मधल्या जागांत पांढरे पडदे गाठी मारून टांगले आहेत. नीट निरखले तर एका खांबावर हाताचा पंजा दिसतो, दुसऱ्यावर आणखी एक. त्या हातांना धड नाही. जिथे पडदे आहेत तिथे आधी माणसे उभी होती, बहुधा खुद्द थिओडोरिक आणि त्याचे दरबारी. समोरच्या भिंतीवर क्लासिस बंदराच्या तटबंदीतही विटांचा रंग जागोजागी बदलतो आणि पुसलेल्या आकृत्यांची बाह्यरेषा ओळखू येते.

हे घडले ५६० च्या दशकात. ५४० मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट जस्टिनियन याचा सेनापती बेलिसारियस रावेन्नात शिरला होता. गॉथांशी युद्ध आणखी बारा-चौदा वर्षे चालले, त्यात इटलीची धूळधाण झाली. ते संपल्यावर एरियनांची चर्च कॅथलिकांच्या ताब्यात देण्यात आली. बिशप आग्नेल्लुसने या चर्चला संत मार्टिनचे नाव दिले, कारण मार्टिन पाखंडाचा कडवा विरोधक समजला जाई, आणि हुतात्म्यांच्या रांगेत सगळ्यात पुढे त्यालाच उभे केले. ख्रिस्ताच्या चित्रांना कुणी हात लावला नाही. राजा आणि त्याची माणसे तेवढी काढली. मग पंजे का राहिले? खांबांवरचे काम पुन्हा करायला कंटाळा आला असेल, किंवा तेवढ्याने काही बिघडत नाही असे वाटले असेल.

सान विताले ही याच गोष्टीची दुसरी बाजू. तिचा पाया थिओडोरिकच्या अखेरच्या काळात किंवा लगेच नंतर, म्हणजे गॉथांच्या राज्यातच, बिशप एक्लेसियुसने घातला. पैसा दिला युलियानुस नावाच्या सावकाराने. २६,००० सोन्याची नाणी खर्च झाल्याचा जुना लेख आहे. काम पुरे होईपर्यंत राजवट बदलली होती. ५४७ मध्ये बिशप माक्सिमियानुसने तिचे अर्पण केले. तो बाहेरचा, समुद्रापलीकडच्या इस्त्रियातल्या पोला गावचा, जस्टिनियनने नेमलेला. गावकऱ्यांनी सुरुवातीला त्याला वेशीच्या आत घेतले नाही असे नवव्या शतकातला स्थानिक बखरकार सांगतो.

हे ठाऊक असले की वेदीजवळचे जगप्रसिद्ध चित्र वेगळे दिसू लागते. जस्टिनियन जांभळ्या झग्यात उभा, हातात सोन्याची परात, एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला पाद्री. एवढ्या माणसांत नाव फक्त एकाच्या डोक्यावर लिहिले आहे आणि ते सम्राटाचे नाही, माक्सिमियानुसचे आहे. सम्राटाला कोण ओळखत नव्हते? पण बिशप कोण आणि कुणाचा माणूस, हे गावाला बजावणे गरजेचे होते. समोरच्या भिंतीवर त्याची राणी थिओडोरा परिचारिकांसह, हातात रत्नजडित पेला, झग्याच्या काठावर भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष. तिच्या दागिन्यांतल्या मोत्यांसाठी खऱ्या शिंपल्याचे तुकडे वापरले आहेत. हे दोघे नवरा-बायको रावेन्नाला कधीही आले नाहीत.

सोने चमकते कसे, तेही सांगायला हवे. सोन्याचा अतिपातळ वर्ख काचेच्या दोन थरांत बंद केलेला असतो. असे तुकडे ओल्या चुन्यात हाताने बसवले जातात, आणि ते मुद्दाम एका पातळीत ठेवत नाहीत, थोडे थोडे कलते ठेवतात. म्हणून आपण दोन पावले सरकलो की भिंतीचा उजेडही सरकतो. सान वितालेत सकाळी आणि दुपारी वेगवेगळे भाग उजळतात. मोबाइलच्या फोटोत यातले काही उतरत नाही.

५८४ च्या सुमारास रावेन्ना हे इटलीतल्या बायझंटाइन सुभेदाराचे ठाणे होते. सम्राटाशी संबंध अजूनही भिंतीवर नोंदवला जात होता. क्लास्सेच्या, म्हणजे जुन्या क्लासिसच्या, सान्त आपोल्लिनारे चर्चमध्ये सातव्या शतकातले एक मोझेक आहे. त्यात सम्राट कॉन्स्टंटाइन चौथा रावेन्नाच्या चर्चला सवलती बहाल करताना दाखवला आहे. मांडणी सान वितालेच्या चित्रावरून उचललेली, हात मात्र कच्चा. पण हेतू रोकडा आहे: करमाफीची सनद सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावून ठेवली.

७५१ मध्ये लोंबार्ड या जर्मानिक टोळ्यांनी रावेन्ना घेतले आणि कॉन्स्टँटिनोपलचा अंमल संपला. गावाच्या दृष्टीने ही पडझड, पण मोझेक बचावले ते काही अंशी यामुळेच. पूर्वेकडे ७२६ च्या सुमारास मूर्तिभंजनाची लाट उठली होती, ती अधूनमधून ओसरत ८४३ पर्यंत चालली. धार्मिक चित्रे उखडली, पांढरी केली गेली. सहाव्या शतकातली असली चित्रे आज बघायची तर सिनाई, थेस्सालोनिकी, पोरेच अशी मोजकीच ठिकाणे उरली आहेत. खुद्द राजधानीत जवळपास काही नाही. रावेन्ना त्या लाटेच्या टप्प्याबाहेर राहिले. पुढे फ्रँकांचा राजा शार्लमेन याने पोपच्या परवानगीने इथले संगमरवर आणि खांब आपल्या आखेन या ठाण्याला नेले, तिथला त्याचा प्रार्थनामहालही सान वितालेवर बेतलेला आहे. त्यानंतर बंदर गाळाने भरले, समुद्र कित्येक किलोमीटर मागे गेला. पैसा नाही म्हणून नवे बांधणे नाही, म्हणून जुने पाडणेही कमी. जिथे पैसा आला तिथे नुकसान झालेच: अठराव्या शतकात पाचव्या शतकाचे मुख्य चर्च पाडून नवे बरोक पद्धतीचे बांधले. सान मिकेले या चर्चचे मोझेक एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या राजाला विकले गेले, ते आता बर्लिनच्या बोडे संग्रहालयात आहे. १८९७ मध्ये कोर्रादो रिच्ची यांच्याकडे इथल्या स्मारकांची जबाबदारी देण्यात आली. इटलीतले अशा प्रकारचे ते पहिले सरकारी कार्यालय.

विसाव्या शतकाने पुन्हा फटके दिले. १९१६ मध्ये ऑस्ट्रियाच्या विमानाचा बॉम्ब सान्त आपोल्लिनारे नुओवोवर पडला. गाला प्लाचिदियाने समुद्री वादळातून वाचल्याबद्दल नवस फेडायला बांधलेले सान जोव्हान्नी चर्च दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, ते पुन्हा उभारले आहे. रावेन्ना ४ डिसेंबर १९४४ ला जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झाले, पण लढाईची आघाडी पुढचे चार महिने याच प्रांतातल्या सेनिओ नदीवर अडून राहिली. ९ एप्रिल १९४५ ला ती नदी ओलांडताना मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना पाठीवरून मागे आणले, शत्रूच्या मशीनगनची ठाणी एकट्याने निकामी केली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत उरलेल्या तुकड्यांना पलीकडे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. मोझेक बघायला जाणाऱ्या मराठी माणसाला हे ठाऊक असलेले बरे.

युद्धानंतर परिसरात नैसर्गिक वायू सापडला, कारखाने आले, भूगर्भातले पाणी आणि वायू उपसल्याने जमीन आणखी वेगाने खचली. सान फ्रान्चेस्को चर्चच्या तळघरात कायम पाणी असते, जुनी मोझेकची फरशी त्याखाली दिसते आणि वर मासे फिरतात.

फिरण्यापुरते सांगायचे तर सान विताले, गाला प्लाचिदिया, कॅथलिक बाप्तिस्मागृह, आर्चबिशपचे संग्रहालय आणि सान्त आपोल्लिनारे नुओवो एकाच तिकिटात येतात. गाला प्लाचिदियाच्या समाधीत आणि कॅथलिक बाप्तिस्मागृहात जाण्याची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते आणि आत मोजकी मिनिटेच मिळतात. बहुतेक जण सान वितालेपासून सुरुवात करतात. माझ्या मते क्रम उलटा हवा: आधी गाला प्लाचिदिया, मग दोन्ही बाप्तिस्मागृहे, मग नुओवो, आणि सान विताले शेवटी. पहिले आणि शेवटचे ठिकाण एकाच आवारात असल्याने एक फेरी जास्त पडते, पडू द्या. थिओडोरिकची समाधी स्टेशनच्या पलीकडे आहे. तिच्यात मोझेक नाही म्हणून लोक टाळतात, पण सुमारे दहा मीटर व्यासाचे तिचे छत एकाच अखंड शिळेचे आहे, आणि ती शिळा इस्त्रियाहून समुद्र ओलांडून आणलेली. क्लास्सेला गाडीने एकच स्टेशन. तिथे अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण जुन्या साखर कारखान्यात २०१८ मध्ये उघडलेले क्लासिस संग्रहालय चर्चपासून जवळ आहे.