वॉलेटमधून प्रायव्हेट की काढणे

बिटकॉइनसारख्या आभासी चलनाच्या वॉलेटमधली गुप्त किल्ली संगणकाला आज्ञा देऊन बाहेर काढण्याची क्रिया. वॉलेट म्हटले की पैसे त्या फाइलीत असतील असे वाटते. प्रत्यक्षात व्यवहारांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामाईक वहीत असते, फाइलीत असते ती रक्कम खर्च करू देणारी किल्ली, म्हणजे २५६ बिटांची एक संख्या. नाशिकरोडच्या मुद्रणालयात १९२८ पासून छापल्या जाणाऱ्या नोटांपैकी एखादी फाटली तर बँक बदलून देते. हरवलेली किल्ली मात्र कोणीच पुन्हा देऊ शकत नाही.

बिटकॉइन कोअर या वॉलेट प्रोग्रॅमच्या २०२५ च्या ३०व्या आवृत्तीपूर्वीच्या आवृत्त्यांत जुन्या वॉलेटसाठी पद्धत अशी: आधी फाइलीची प्रत काढायची, मग कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडायची. वॉलेटला पासवर्ड असेल तर ‘वॉलेटपासफ्रेज’ या आज्ञेसोबत तो पासवर्ड आणि कुलूप किती सेकंद उघडे ठेवायचे तो आकडा द्यायचा. त्यानंतर ‘डम्पप्रिव्हकी’ आणि आपला बिटकॉइन पत्ता (ज्यावर रक्कम येते ती अक्षर-अंकांची ओळ) लिहायचा, शेवटी ‘वॉलेटलॉक’. हे सारे इंटरनेट बंद ठेवूनही जमते. हाती येणारी किल्ली ५, के किंवा एल या चिन्हाने सुरू होते आणि ५१ किंवा ५२ अक्षरांची असते. हाताने उतरवताना घोटाळा होऊ नये म्हणून तिच्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल वापरलेले नाहीत.

खरी चूक पुढे होते. भाजी घेताना पाचशेची नोट दिली की मोड परत मिळते. बिटकॉइनमध्येही तसेच घडते, पण ही मोड सहसा जुन्या पत्त्यावर येत नाही. वॉलेट तिच्यासाठी नवा पत्ता तयार करते आणि त्याची किल्ली वेगळी असते. समोर दिसणाऱ्या एकाच पत्त्याची किल्ली कागदावर उतरवून फाइल पुसून टाकली, तर मोड म्हणून नव्या पत्त्यावर गेलेली मोठी रक्कम कायमची अडकू शकते. म्हणून एक किल्ली मिळाली तरी मूळ फाइल जपलीच पाहिजे.

बिटकॉइन कोअरच्या २०२२ च्या २३व्या आवृत्तीपासून नवी वॉलेटे डिस्क्रिप्टर प्रकारची, म्हणजे किल्ल्या आणि पत्ते कसे काढायचे याचे वर्णन साठवणारी बनतात. त्यांत ‘डम्पप्रिव्हकी’ चालत नाही. ‘लिस्टडिस्क्रिप्टर्स’ पुढे ‘ट्रू’ लिहिले की मुख्य किल्ली दिसते आणि तिच्यापासून बाकीच्या निघतात. जुनी फाइल नव्या प्रकारात आणायला ‘मायग्रेटवॉलेट’ ही आज्ञा आहे.

एक्स्चेंजच्या, म्हणजे नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या ॲपवर ठेवलेल्या नाण्यांची किल्ली कंपनीकडे असते, तिथे या आज्ञांचा उपयोग नाही. टर्मिनलवर, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या आज्ञा-खिडकीत टाइप केलेला पासवर्ड आज्ञांच्या इतिहासात उरतो, तोही पुसावा लागतो. दुरुस्तीवाल्याच्या दुकानात किंवा स्क्रीन शेअर करून ही क्रिया कधीच करू नये. किल्लीचा कागद गोदाकाठच्या घरात, दुकानात ठेवायचा तर प्रत दुसरीकडे हवी. मोठ्या पुरात पाणी नाशिकच्या सराफ बाजारातही शिरते. एकदा दुसऱ्याच्या नजरेस पडलेल्या किल्लीच्या पत्त्यावरची रक्कम लगेच नव्या वॉलेटमध्ये हलवतात.