जोड गळला म्हणजे पोट पुन्हा उघडावंच लागतं?

आतड्याच्या ऑपरेशननंतर जोड, म्हणजे आतड्याची दोन टोकं जिथे एकत्र जोडतात ती जागा, गळला की पोट पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नाही, हा समज आजही नातेवाइकांचा धीर खचवतो. तो सरसकट खरा नाही. गुदाशयाजवळचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाजवळचा) जोड गळून पू एकाच पोकळीत साचला असेल, तर गुदद्वारातून दुर्बीण घालून तिथे स्पंज बसवतात आणि नळीने सतत शोषण करतात. पू निघतो, पोकळी आक्रसते. स्पंज साधारण दर २ ते ४ दिवसांनी बदलावा लागतो. उपचार आठवडेही चालतात, चिकाटी हवीच. छोट्या, ताज्या छिद्राला कधी क्लिपही (छिद्राच्या कडा धरून ते बंद करणारा छोटा चिमटा) पुरते. मात्र संसर्ग पोटभर पसरला, रक्तदाब कोसळू लागला, तर ऑपरेशन लांबवणं जिवावर बेततं. दुर्बिणीचा हट्ट तेव्हा कृपया धरू नका.