रडारला दिसलं होतं की!

आमच्या मामाचं शेत खानापूरकडं, रानाला लागून. भात पोटरीला आलं की गवे आणि डुकरं यायची म्हणून रात्री माळ्यावर राखण, एकदा हौसेनं मीपण गेलेलो. रात्रभर काही ना काही खसखसतंय, वारा, उंदीर, शेजाऱ्याचं कुत्रं, पहिल्या चार वेळा मामा उठून डबा बडवत होता, पाचव्यांदा म्हणाला "कुत्रंच असंल, झोप की" आणि सकाळी बघतोय तर बांधाकडचा पट्टाच्या पट्टा तुडवलेला.

पर्ल हार्बर म्हणजे अमेरिकेचा आरमारी तळ, तिथल्या जपानी हल्ल्याची गोष्ट अशीच आहे, फक्त फार मोठी. ७ डिसेंबर १९४१, रविवार. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तरेला ओपाना इथं दोन पोरं रडारवर. ड्युटी ७ ला संपलेली, पण नाश्त्याला न्यायचा ट्रक लेट, मग बसल्या बसल्या प्रॅक्टिस म्हणून मशीन चालूच ठेवलं. ७:०२ ला पडद्यावर एवढी मोठी खूण उठली की त्यांना आधी मशीनच बिघडलं वाटलं. रडार रेडिओलहरी सोडतं आणि आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. ही विमानं दोनशेहून जास्त किलोमीटरवर होती, तरी जाऊन-येऊन सेकंदाचा साधारण सातशेवा भाग. अंतर कळलं, दिशा कळली. पण विमानं कुणाची? ते त्या मशीनला कळत नव्हतं, तिथं माणूसच लागतो.

पोरांनी वर फोन केला, आणि फोनवरच्या लेफ्टनंटची त्या कामावर जेमतेम दुसरी वेळ. त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून आपलीच बी-१७ बाँबर विमानं यायची होती, त्यात येताना गाडीत त्यानं रेडिओवर गाणी ऐकलेली, आणि स्टेशन रात्रभर चालू असलं की विमानं येणार हे त्याला ठाऊक, कारण पायलट त्यावर दिशा धरायचे. म्हणाला, काळजी करू नका. ७:५५ च्या सुमारास बाँब पडायला लागले.

त्याला शिव्या घालणं सोपंय हो. पण रडारच्याच अभ्यासातून पुढं जे 'सिग्नल डिटेक्शन'चं गणित आलं ते सांगतं की इशाऱ्याचा उंबरठा खाली ठेवला तर रोज खोटी बोंब, वर नेला तर खरा चोर सुटतो, दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर सिग्नलच जास्त स्पष्ट पाहिजे. आणि "आपलीच असतील" हे आधीच डोक्यात असलं की उंबरठा गपचूप वर सरकतो, मामाचा सरकला तसाच.

आता दुसरी गंमत. तोवर अमेरिकेत युद्ध नको म्हणणारे भरपूर होते. हल्ल्यात २,४०३ अमेरिकन गेले आणि एका रात्रीत देश एक झाला, आमच्यात नाही का, बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे भाऊ बाहेरच्यानं एकाचा ऊस पेटवला की दोघं मिळून काठ्या काढतात. पाहणीत ९७ टक्के लोक युद्धाच्या बाजूनं निघाले. या उसळीला अभ्यासक 'झेंड्याभोवती गोळा होणं' म्हणतात. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अध्यक्ष बुश यांची पसंती ५१ वरून ९० टक्क्यांवर गेली ती हीच.

८ डिसेंबरला अमेरिकी संसदेत जपानविरुद्ध युद्ध पुकारायचं मतदान झालं, सिनेटमध्ये ८२ विरुद्ध ०, प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १. तो एक म्हणजे खासदार जेनेट रँकिन, १९१७ लाही युद्धाला नाही म्हणालेल्या. मत देऊन बाहेर पडल्या तर लोक एवढे अंगावर आले की बाईंना टेलिफोन बूथमध्ये शिरून दार लावून घ्यावं लागलं, मग पोलिसांनी येऊन सोडवलं.