चित्रकार्डांवरून कलेतिहासाचा अभ्यास कसा करावा

चित्रकार्डांच्या या संचात प्रत्येक कार्डाच्या पुढे एका कलाकृतीचं चित्र आहे, मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. ती तुम्ही भरायची. लिहायला एचबी पेन्सिलच घ्या. बॉलपेन दाबून चालवलं की पुढच्या बाजूच्या चित्रावर वळ उमटतात. लॅमिनेशन करू नका, मागे काही लिहिता-खोडता येत नाही आणि दिव्याखाली चित्र चकाकतं.

रोज सात-आठ नवी कार्डं पुरेत. आधी चित्राकडे दोन मिनिटं नुसतं बघा, वहीत कच्चं रेखाटन करा आणि मगच पुस्तक उघडा. कार्डामागे नाव, ठिकाण, काळ, माध्यम आणि माप लिहा. माप हमखास राहून जातं. कार्डावर मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी आणि दिदारगंजची यक्षी (दगडी स्त्रीमूर्ती) सारख्याच उंचीच्या दिसतात. प्रत्यक्षात नर्तकी जेमतेम १०.५ सेंमी, तर यक्षी माणसाएवढी. अजिंठ्याच्या लेणे २६ मधला महापरिनिर्वाणाचा (देहत्यागाच्या वेळचा, आडवा झालेला) बुद्ध तर सुमारे ७ मीटर लांब आहे.

सगळ्यात जास्त घोळ लेण्यांच्या क्रमांकांत होतो. ‘लेणे १६’ एवढंच लिहिलं तर अजिंठ्याचा वाकाटक राजांच्या काळातला विहार (भिक्खूंचं निवासस्थान) की वेरूळचं कैलास मंदिर? लेणे १० दोन्हीकडे चैत्यगृहच (आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह) आहे. पण अजिंठ्याचं इसवीसनपूर्व काळातलं, स्तूप साधा. वेरूळच्या ‘विश्वकर्मा’त स्तूपापुढे बसलेला बुद्ध. म्हणून क्रमांकाआधी स्थळाचं नाव लिहायची सवयच लावून घ्या.

कार्डं एकेकटी घोकण्यापेक्षा जोडीनं मांडा. अजिंठ्याची ९ आणि १९ शेजारी ठेवा: ९ मध्ये स्तूपावर मूर्ती नाही, १९ मध्ये स्तूपावरच उभा बुद्ध कोरलेला. बौद्ध धर्माच्या हीनयान (बुद्धाची मूर्ती नाही) आणि महायान (मूर्ती आहे) या पंथांतला फरक इथे डोळ्यांना दिसतो, पाठ करावा लागत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांना सरसकट ‘फ्रेस्को’ म्हणू नका. फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात. इथे भाताचा तूस, वनस्पतींचे धागे घातलेला मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो सुकल्यावर रंग.

परीक्षेतल्या उत्तरात ‘अप्रतिम’, ‘मनोहारी’ असल्या विशेषणांना गुण नाहीत. अजिंठ्याच्या चित्रातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाबद्दल त्रिभंग (शरीराला तीन ठिकाणी बाक दिलेली उभी ढब), उजव्या हातातलं निळं कमळ, झुकलेली नजर, मुकुट असं जे दिसतं ते लिहा.

उजळणी पहिल्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, दर वेळी कार्डं पिसून. क्रम तोच राहिला तर चित्र ओळखण्याऐवजी क्रमच पाठ होतो. दोनदा चुकलेलं कार्ड वेगळ्या गठ्ठ्यात टाका. परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढाच गठ्ठा बघा.