वातानुकूलन यंत्रणेची ऋतुबदलातील देखभाल

घरातील तापमान, हवेतील ओलावा व हवेची शुद्धता वर्षभर सुसह्य राहावी म्हणून शीतन, तापन व वायुवीजनाच्या साधनांची ऋतू पालटण्याआधी केली जाणारी तपासणी, सफाई व दुरुस्ती. ही साधने वेगवेगळी असली, तरी ती एकाच हवेवर काम करतात. त्यामुळे एकातील कुचराई दुसऱ्याच्या खात्यावर निघते : फिल्टर तुंबला की थंडावा कमी होतो, खिडक्या घट्ट लावल्या की वीज वाचते पण हवा कोंदट होते.

आधुनिक वातानुकूलनाचा उगम थंडाव्याच्या हौसेत नाही. अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत-आकसत असे व रंगांचे ठसे एकमेकांवर नेमके बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या अभियंत्याने १९०२ मध्ये हवेतील ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. घरातही ओलाव्याकडे तितकेच लक्ष हवे, पण सगळ्यांची नजर असते रिमोटवरच्या आकड्याकडे. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवा जितका ओलावा धरू शकते, त्यातला प्रत्यक्ष असलेला वाटा) साधारण ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असली की बरे वाटते. फार वर गेली की भिंतींवर बुरशी धरते, फार खाली आली की घसा व त्वचा कोरडी पडते. बाहेरची ०° से. तापमानाची पूर्ण संपृक्त (आणखी ओलावा मावणार नाही अशी) हवा घरात घेऊन २०° से.पर्यंत तापवली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. हिवाळ्यात तापवलेल्या खोल्या कोरड्या पडतात त्या यामुळे. उन्हाळ्यात उलट गोष्ट घडते : खोलीच्या मानाने फार मोठा एसी बसवला, तर तो झटपट गारवा करून बंद पडतो, ओलावा काढायला त्याला वेळच मिळत नाही आणि खोली थंड पण चिकट राहते.

बहुतेक तक्रारींचे मूळ कॉम्प्रेसरमध्ये नसून हवेच्या वाटेत असते. गाळणीवर धूळ साचली की इनडोअर युनिटच्या कॉइलवरून (प्रशीतक, म्हणजे गारवा देणारा पदार्थ, जिच्यातून फिरतो त्या नळ्यांच्या वेटोळ्यावरून) जाणारी हवा घटते. कॉइलला पुरेशी उष्णता मिळत नाही, तिचे तापमान गोठणबिंदूखाली जाते आणि तिच्यावर बर्फ धरू लागतो. बर्फामुळे हवेची वाट आणखी अरुंद होते, म्हणून बर्फ आणखी वाढतो. शेवटी न उकळलेला द्रव प्रशीतक कॉम्प्रेसरपर्यंत परत येऊन त्याचे भाग झिजवू शकतो. अशा वेळी तापमान आणखी खाली करणे हा सर्वांत वाईट उपाय. शीतन बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, बर्फ पूर्ण वितळू द्यावा आणि मग गाळणी पाहावी. बर्फ सुरीने खरवडला तर कॉइलचे पातळ पत्रे वाकतात, नळीला भोकही पडू शकते.

बर्फ धरण्याचे दुसरे कारण म्हणजे प्रशीतक कमी होणे. ‘गॅस संपलाय, भरून घ्या’ हे वाक्य दर मोसमात ऐकू येते. पण प्रशीतक बंद नळ्यांतून फिरत असतो, तो इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पुढच्या फेरीची सोय. गळलेल्या वायूची किंमत वातावरणही मोजते. ओझोनचा थर विरळ करणारे प्रशीतक १९८७ च्या माँट्रियल करारान्वये टप्प्याटप्प्याने हटवले जात आहेत, तर तापमानवाढीला हातभार लावणाऱ्या हायड्रोफ्लुओरोकार्बनांवर २०१६ च्या किगाली दुरुस्तीने मर्यादा आणली. नव्या यंत्रांत सर्रास आढळणारा आर-३२ हा प्रशीतक त्याच्या आधीच्या आर-४१०ए पेक्षा या बाबतीत सौम्य, मात्र किंचित ज्वलनशील आहे. त्याची हाताळणी जाणकारानेच करावी.

कॉइलवर जमणारे पाणी निचऱ्याच्या नळीतून बाहेर जाते. बराच काळ बंद राहिलेल्या नळीत शेवाळी गाळ साचतो आणि मोसमाच्या सुरुवातीलाच पाणी भिंतीवर उतरते. शीतन सुरू करण्याआधी कॉइलखालच्या, पाणी गोळा करणाऱ्या ताटलीत तांब्याभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला सुरळीत येते का, हे पाहणे पुरेसे असते.

तापनाची तपासणी थंडीच्या आधी व्हावी. हीटर प्रथम सुरू करताना साचलेली धूळ जळाल्याचा वास थोडा वेळ येतो, त्यात चिंतेचे काही नाही. वास टिकून राहिला किंवा वायर जळल्यासारखा आला, तर यंत्र बंद करावे. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत आणतो आणि सौम्य थंडीत १ एकक विजेच्या बदल्यात सुमारे ३ एकक उष्णता देतो. पारा घसरत जातो तसे हे प्रमाण घटते. त्याच्या आउटडोअर युनिटवर हिम साचले की तो काही मिनिटे उलटा चालून ते वितळवतो. तेव्हा उठणारी वाफ धूर समजून अनेक जण घाबरतात. खरा धोका इंधनावर चालणाऱ्या भट्टीत असतो. तिचा उष्णता-विनिमयक (जळत्या वायूंची उष्णता घरातील हवेला देणारा भाग) तडकला किंवा धुराडे तुंबले, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात शिरतो. त्याला ना रंग ना वास, म्हणून झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा शोधक (वायू आढळताच इशारा देणारे यंत्र) बसवणे अत्यावश्यक ठरते.

नेहमीचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आत घेत नाही. तो ताजी हवा देतो, हा गैरसमज दूर होणे फार गरजेचे आहे. बंद खोलीत कार्बन डायऑक्साइड वाढून जडपणा येतो, एसी मात्र निमूटपणे गारवा देत राहतो. खिडकी कधी उघडावी हे बाहेरच्या हवेवर ठरते. २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दर घनमीटरला वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम ही मार्गदर्शक पातळी सुचवली आहे. एसीतली धुण्याजोगी जाळी असे कण अडवत नाही. हेपा गाळणी (अतिसूक्ष्म कणांसाठीची दाट गाळणी) अडवते, पण तिच्यातून हवा ढकलायला पंख्याला जोर लागतो, म्हणून ती मूळ यंत्रात परस्पर कोंबू नये आणि उत्पादकाने तशी मुभा दिल्याशिवाय धुऊही नये. दुर्गंध व काही वायूंसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो. धुळीची गाळणी काळी पडलेली दिसते, कोळसा मात्र भरून गेला तरी तसाच दिसतो. म्हणून तो ठरलेल्या मुदतीनेच बदलतात.