पाणी तोडायचं, तर शेजारी कमी हवेत

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर पाण्यावर चालणाऱ्या दुचाकीचा व्हिडिओ अधूनमधून फिरतो. बरणीत पाणी, त्यात स्टीलच्या दोन पट्ट्या, भरपूर बुडबुडे. खाली जोडलेल्या हातांची रांग. विजेने पाणी तुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात, तेच हे बुडबुडे. पण ते काढणारी वीज बॅटरीची, आणि बॅटरी भरणारं इंजिन पेट्रोलवरच! पाणी तोडायला घातली त्याहून जास्त ऊर्जा हायड्रोजन जाळून मिळत नाही. दाभोलकरांचा सातारा शेजारी असून आपली ही तऱ्हा.

खरी गंमत आहे त्या पट्ट्यांच्या पृष्ठभागात. हिशेबाने पाणी तोडायला 1.23 व्होल्ट पुरावेत. कारखान्यात पाण्यापासून हायड्रोजन बनवणाऱ्या यंत्रांना 1.8 ते 2 लागतात. वरचे व्होल्ट बरेचसे पृष्ठभागावर अडलेली क्रिया पुढे रेटण्यात जातात.

कुपवाडच्या एमआयडीसीत निकेल चढवणाऱ्याला पृष्ठभाग गुळगुळीत हवा असतो. पाणी तोडणाऱ्या निकेलच्या पट्टीचं उलट. निकेलच्या गाभ्यातल्या अणूला 12 शेजारी असतात. सर्वांत दाट रचलेल्या सपाट पृष्ठावर 9, अणूंच्या पायरीच्या कडेला 7. शेजारी कमी, तितकी बंध जोडायची ताकद शिल्लक. असा अणू पाण्याच्या रेणूला धरून ताणतो. प्लॅटिनमचा एकच स्फटिक वेगवेगळ्या दिशांनी कापून अल्कलीत (कॉस्टिक सोड्यासारख्या द्रावणात) बुडवला, तर हायड्रोजन काढण्यात 111 मुख सर्वांत मंद, 110 सर्वांत चपळ. हे आकडे म्हणजे कापाच्या दिशांची नावं. धातू तोच, फक्त काप वेगळा!

मात्र पकड फार घट्ट झाली तर हायड्रोजन सुटत नाही. सैल झाली तर तो चिकटतच नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए (नोबेल 1912) यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे तत्त्व. मिश्रधातू कामाला येतो तो इथे: निकेलमध्ये मोलिब्डेनम घातला की निकेलच्या डी-इलेक्ट्रॉनांच्या (बंध जोडणाऱ्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या) ऊर्जापट्ट्याची जागा सरकते आणि पकड बदलते.

दुसरी युक्ती रॅने निकेलची, 1920च्या दशकातली. निकेल-अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतलं अॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळवायचं. मागे अनारशासारखा जाळीदार निकेल उरतो. ‘विक्रमी उत्प्रेरका’च्या, म्हणजे क्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाच्या, बातम्या मी इथेच सावधपणे वाचतो. प्रवाहाला पट्टीच्या लांबी-रुंदीने भागलं की जाळीदार पृष्ठ जिंकणारच. अणू हुशार झाला की नुसती जागा वाढली, हे खऱ्या क्षेत्रफळाने भागल्यावर कळतं.

ऑक्सिजनच्या बाजूला निकेल-लोह उत्तम. पण तिथे वीज सुरू होताच धातूचं पृष्ठ ऑक्सिहायड्रॉक्साइडचं (धातू, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या संयुगाचं) होतं. आधी काढलेला सूक्ष्मदर्शकाचा फोटो कामाचा राहत नाही. अल्कलीत लोहाचा नुसता अंश असला, तरी साध्या निकेलची पट्टी वापरता वापरता सुधारते. म्हणून नेटके प्रयोगकर्ते आधी अल्कलीतलं लोह काढून टाकतात. नाहीतर श्रेय कुणाचं, तेच कळत नाही.